मायचं आर्य मौन

माझ्यामुळे माझी माय एकदा वारली. एका रविवारी, सकाळी साडेदहा ते दुपारी एकच्या दरम्यान. आता ती ठणठणीत आहे, दातसुद्धा बहुतेक सगळे आहेत. पण त्या दिवसाचा विषय निघाला की गावातली माणसं अजून तिच्याकडे कौतुकानं बघतात आणि माझ्याकडे दुसऱ्याच नजरेनं. आणि हे सगळं कशामुळे झालं, तर मी श्वासाकडे लक्ष द्यायला शिकलो होतो त्यामुळे.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. सचिव म्हटलं की खुर्चीतला माणूस डोळ्यांसमोर येतो. सहकारात तसं नसतं. सभासद ज्याच्यावर ओरडतात तो सचिव, आणि ज्याच्या वतीनं सचिव ओरडून घेतो तो चेअरमन. त्यात वर्ष दुष्काळाचं. (त्या वर्षी दुधात पाणी घातल्याची एकही तक्रार आली नाही. पाणी घालायला परवडतच नव्हतं.) चारा नाही, म्हशी आटलेल्या, दुधाला फॅट लागेना, आणि प्रत्येक सभासदाला वाटायचं की त्याचा फॅट मीच खातो.

एका सकाळी एकजण म्हणाला, "सचिव, माझ्या म्हशीचा फॅट तुमच्या पोटावर दिसायलाय." मी हातातला लॅक्टोमीटर भिंतीवर फेकला.

चेअरमन दारातच उभे होते. पांढरे कपडे, कपाळाला गंध, आवाज कायम सभेत बोलतात तसा. त्यांनी काचा मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "उत्तमराव, हा तिसरा. माझ्या साडूनं ते दहा दिवसाचं ध्यान केलं. तंबाकू सुटली, बीपी उतरला. तुमीबी जाऊन या. न्हाईतर संस्थेला दूध कमी अन् काचा जास्त व्हायच्या."

घरी येऊन मी जाहीर केलं की मी शिबिराला जातोय, तिथं दहा दिवस बोलायचं नसतं.

"कावून जायलास येवढ्या लांब?" माय म्हणाली. "हितंच गप बस की दहा दिवस. आमालाबी बरं."

माय म्हणजे गयाबाई. वय बासष्ट, अंगानं बारीक, आणि शब्द असा की एक पुरतो. माझी बायको विमल लगेच उठली. तिनं माझी पिशवी भरून दिली. इतक्या लगेच की मला थोडं वाईट वाटलं.

आता खरं सांगतो. मला शांती वगैरे हवी होतीच, पण साडूनं चेअरमनांना सांगितलं होतं की शिबिरात नळाला पाणी असतं आणि रोज आंघोळ करता येते. आमच्या वस्तीत तेव्हा आंघोळ वारानं चालायची. बीडच्या स्टँडवर मी बस धरली तेव्हा माझ्या डोक्यात निर्वाण नव्हतं, बादली होती.

शिबिरात पहिले तीन दिवस नाकाखालून श्वास येतो-जातो एवढंच पाहायचं होतं. मला इतकी वर्षं श्वास आपोआप येत होता. पाहायला लागल्यावर तो अडखळायला लागला. तिथल्या न बोलण्याला आर्य मौन म्हणत. बोलायचं तर नाहीच, खुणासुद्धा करायच्या नाहीत. मग एक तास अजिबात न हलता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणत. आचार्य म्हणाले, "खाज आली तर खाजवू नका. तिला पाहा. ती येते, राहते, निघून जाते." माझी खाज यायची, राहायची आणि आणखी चौघींना बोलावून घ्यायची. अकराव्या मिनिटाला मी कानामागं खाजवलं. दहा दिवसांतला माझा तोच विक्रम.

तरी सांगतो, काहीतरी झालं खरं. दहाव्या दिवशी मी पंचशील पुन्हा मनापासून घेतलं, त्यात खोटं न बोलण्याचं शील जरा जास्तच मनापासून, आणि गावात उतरलो तो अगदी हळूहळू चालत. स्टँडपासून घर पाच मिनिटांवर. मला पाऊण तास लागला. प्रत्येक पाऊल उचलताना 'उचललं', टेकताना 'टेकलं' असं मनात म्हणायचं होतं.

विमल दारात उभी होती. तिनं लांबून पाहिलं आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, ह्यांला काय तरी झालंय. चालता येईना."

"मूळव्याध असंल," माय म्हणाली. "दहा दिवस बसूनच होता."

जेवतानाही मी प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचो. विमल समोर बसून राहायची, कारण मी उठल्याशिवाय ताटं उचलता येत नव्हती. पहाटे ती चूल पेटवायची तेव्हा मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसायचो. तिसऱ्या दिवशी तिनं फोडणीत लाल मिरच्या टाकल्या. सवयीपेक्षा चार जास्त. मी त्या ठसक्याकडे तटस्थपणे पाहिलं आणि मग अंगणात जाऊन सतरा वेळा शिंकलो.

"श्वास कसा काय हाय आता?" तिनं आतून विचारलं.

दूध संस्थेतही मी बदललो. कोणी ओरडलं की हसायचो. पण दूधही सजगतेनंच मापायला लागलो. प्रत्येक नमुना हातात घेतला की त्याचा गारवा जाणवून घ्यायचा, मग ओतायचा. रांग रस्त्यापर्यंत जायची. चैत्राचं ऊन. पाचव्या दिवशी रांगेच्या शेवटच्या चार किटल्यांतलं दूध माझ्यापर्यंत पोचेस्तोवर नासलं.

चेअरमननी बोलावून घेतलं. "उत्तमराव," ते म्हणाले, "रागात होतात तवा काच फुटायची. शांत झालात तर दूध फुटायलंय. जरा मधलं काय तरी बघा."

एवढ्यावर मी थांबलो असतो तर माय वारली नसती.

वस्तीवर आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. रफिकभाई नावाचे ड्रायव्हर होते, पन्नाशीचे, मऊ स्वभावाचे. कोपऱ्यावरून ते लांब हॉर्न द्यायचे आणि मग जे व्हायचं त्याला पाणीवाटप म्हणणं बरोबर नाही. पायपा, घागरी, कोपरं, सगळं एकाच वेळी. शेजारच्या सुभद्राबाई आणि माय यांचं तर आदल्या साली एका पायपावरून बोलणं बंद झालं होतं. मी शिबिरातून आलो त्याच आठवड्यात विमलच्या तीन बांगड्या फुटल्या आणि एका म्हाताऱ्याचा दात पडला. (दात खोटा होता. पण तो सापडेपर्यंत कोणाला कळलं नाही.)

संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारासमोर सगळे बसले होते. मी उभा राहिलो. "भांडणाचं मूळ पाणी नाही," मी म्हणालो. "भांडणाचं मूळ आहे तृष्णा."

"म्हंजे?" सुभद्राबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी माय म्हणाली, "तृष्णा म्हंजे तहानच की. मंग तहानेला पानी लागतं का श्वास लागतो, ते सांग."

सगळे हसले. पण वस्तीतली माणसं भली. दहा दिवस पदरमोड करून शिकून आलाय, तर त्याचं मन मोडू नये, असं ठरलं आणि येत्या रविवारी सकाळी, वंदना झाल्यावर, मी सगळ्यांना ध्यान शिकवायचं असं पक्कं झालं. टँकर शनिवारी येऊन जाणार होता, त्यामुळे अडचण नव्हती.

शनिवारी टँकर आला नाही. पंक्चर झाला होता.

रविवारी सकाळी विहार भरला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. माय तेवढी आली नाही. तिचं डोकं दुखत होतं. चहा घेऊन ती आमच्या ओसरीवर गार फरशीवर आडवी झाली आणि माशांचा त्रास नको म्हणून तिनं पांढरी चादर तोंडावर ओढून घेतली. हे लक्षात ठेवा म्हणजे पुढचं कोणाच्या माथी मारायचं ते ठरवता येईल.

मी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "आता कसलाही आवाज येईल. कुत्रं भुंकेल, कोणी हाक मारेल. डोळे उघडायचे नाहीत. मनात फक्त म्हणायचं, आवाज, आवाज. तो येतो, राहतो, निघून जातो."

पंधरा मिनिटं झाली असतील. लांबून एक घरघर ऐकू आली. 'आवाज,' मी मनात म्हणालो. ती जवळ आली. 'ओळखीचा आवाज.' आणखी जवळ आली. 'डिझेलचा आवाज.' मग ती विहारासमोर येऊन थांबली. हॉर्न वाजला नाही. मला वाटलं, हॉर्न नाही म्हणजे टँकर नसेल.

माझ्या बरगडीत एक कोपर बसलं. शेजारी विमल होती. 'स्पर्श,' मी मनात म्हणालो.

मागून कोणीतरी खोकलं. मग तिघं खोकले. नंतर मला कळलं की त्या विहारात बसलेल्या एकूण एक माणसानं टँकर ओळखला होता. पण जो तो म्हणत होता, उत्तमनं डोळे उघडले की उठू. आणि मी म्हणत होतो, एवढ्या माणसांचं ध्यान चाललंय, शिकवणारानंच आधी डोळे उघडले तर काय राहिलं? मी आणखी ताठ बसलो. माझ्या चेहऱ्यावर म्हणे तेव्हा फार वेदना दिसत होती.

घरघर पुन्हा सुरू झाली, वरच्या आळीच्या दिशेनं गेली आणि विझली. येतो, राहतो, निघून जातो. मी अगदी बरोबर शिकवलं होतं.

बाहेर काय झालं ते रफिकभाईंनी नंतर सांगितलं. "मी कोपऱ्यावर आलो तं रस्त्यावर कोनी न्हाई. टँकर आला अन् वस्तीत कोनी धावेना, असं कधी झालंय का? विहारात बघितलं तं सगळे सफेद कपड्यात, माना खाली. तुमचं तोंड असं रडवेलं. मी टोपी काढली, हारन बी न्हाई दिला. म्हनलं कोन गेलं असंल? सगळी वस्ती बघितली. एक गयाबाईच दिसंना. तुमच्या घराकडं नजर टाकली तं ओसरीवर चादर."

त्यांनी मिनिटभर उभं राहून दुवा मागितली. मयतीच्या घरी पाणी कोण भरून घेणार म्हणून ते वरच्या आळीत गेले, तिथल्या हौदात सगळा टँकर रिकामा केला आणि जाताना सांगितलं, गयाबाई गेल्या.

आम्ही विहारातून बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर टायरांच्या खुणा होत्या आणि आमचे ड्रम ओळीनं कोरडे उभे होते. वस्तीनं माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसांना मी पंधरा मिनिटांपूर्वी मैत्रीभाव शिकवला होता त्यांच्या डोळ्यांत तो मला कुठंच दिसेना. ज्याचा दात पडला होता ते आजोबा शांतपणे म्हणाले, "उत्तम, तू आधीचाच बरा होतास बे. नुस्ता वरडायचास."

सगळे माझ्यामागं आमच्या अंगणापर्यंत आले. आता मला नेमकं काय करायचं यावर त्यांची चर्चा सुरू होणार, तेवढ्यात वरच्या आळीकडून बायकांची रांग येताना दिसली. डोक्यावर घागरी, पदर तोंडाला. सगळ्यात पुढं चेअरमनांची बायको, जिला सगळं गाव वहिनी म्हणतं. आमच्याकडे मयतीच्या घरी चूल पेटवत नाहीत; भाकरी, पाणी, सगळं दुसऱ्यांनी आणायचं. आमचं पाणी त्यांच्या हौदात पडलेलं, मग ते त्यांच्या मनाला आणखीच लागलं असणार.

वहिनींनी घागर उतरवून आमच्या ड्रममध्ये ओतली आणि ओसरीकडे पाहून डोळ्यांना पदर लावला. "कधी झालं हो?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर होतंच, पण नेमकं तेव्हाच ओसरीवरच्या चादरीखालून हात बाहेर आला आणि त्यानं माझ्या धोतराचा सोगा ओढला. मी खाली वाकलो. वाटलं लोकांना, लेक मायच्या पाया पडायलाय.

"काय चाललंय?" चादरीतून आवाज आला, अगदी बारीक.

"माय, तू वारलीस असं त्यांना वाटतंय. ऊठ."

"पानी कोन ओतायलंय?"

"वरच्या आळीच्या बायका."

चादर कानावरून जराशी सरकली. मग म्हणाली, "किती घागरी?"

"येतायत अजून. माय, ऊठ ना."

"उत्तम, ऐक. माझी सासू ह्यांच्या आडापासून चार हात लांब हुभी राहायची, घागर खाली ठिवून. कुनाला दया आली तर वरून वतायचे. न्हाई आली तर रिकामी माघारी. मी नवी नवरी व्हते, मीबी हुभी राहिले. आज त्यांच्या लेकीसुना आपल्या पायानं, आपल्या दारात पानी घेऊन आल्यात." तिनं चादर पुन्हा नीट ओढून घेतली. "ड्रम भरस्तोवर मी उठत न्हाई. जा."

मी उभा राहिलो. माझे डोळे खरंच भरून आले होते. वहिनींनी ते पाहिलं आणि मागच्या बाईला म्हणाल्या, "आगं, आनखी दोन खेपा करा."

आता माझी खरी अडचण झाली. खोटं बोलायचं नाही, हे शील घेऊन मला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. आणि खरं बोललो असतो तर मायनंच मला मारलं असतं. मग शिबिरात शिकलेलं कामी आलं. मी ओसरीच्या खांबाला टेकून मांडी घातली, डोळे मिटले आणि आर्य मौन धरलं. कोणी काही विचारलं की श्वास पाहायचा.

"बिचारा," कोणीतरी म्हणालं. "दुःखानं वाचा बसली."

विमल माझ्यापेक्षा हुशार. तिनं एकही शब्द खोटा उच्चारला नाही.

"काय झालतं त्यांला?"

"सकाळपसून डोकं दुखायलंय म्हनत व्हत्या," विमल म्हणाली.

"खाल्लं काय तरी?"

"न्हाई हो. नुस्ता चहा घेतला अन् पडल्या."

"काय बोलल्या का शेवटी?"

"म्हनल्या, मला उठवू नको."

यावर सगळ्या बायका रडल्या.

वस्तीला हा प्रकार समजायला पाच मिनिटं लागली. समजल्यावर मात्र माझ्यावरचा राग कुठल्या कुठं गेला. एकेक करून रिकामे ड्रम आमच्या अंगणात येऊन मांडले जाऊ लागले. (पाहुणे येतील, पाणी लागेल, असं ज्याचं त्याचं म्हणणं.) सुभद्राबाई, म्हणजे ज्यांचं मायशी वर्षभर बोलणं नव्हतं त्या, आल्या, आपला ड्रम नीट सरळ लावला आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की वरच्या आळीतून एकदम आठ घागरी जास्त निघाल्या. "गयाबाई, मला टाकून गेलीस गं! माझ्यासंगं भांडायला आता कोन?" चादर किंचित हलली. मला वाटतं माय हसत होती. सुभद्राबाईंनी लगेच तिच्यावर पडून ती हालचाल झाकली. त्या दोघींचं पुन्हा बोलणं सुरू झालं ते तिथून.

मी एका डोळ्याच्या फटीतून मायकडे पाहत होतो. एक माशी आली. चादरीच्या ज्या भागाखाली नाक असावं त्यावर बसली. फिरली. चादरीच्या भोकातून आत गेली. मी घामानं भिजलो. चादर हलली नाही. बाहेर चैत्राचं ऊन, वर पत्रा, भोवती माणसांचा गराडा, कोणी पाया पडतंय, कोणी छातीवर डोकं ठेवून रडतंय, आणि माय आहे तशीच. मी ज्यासाठी दहा दिवस गुडघे मोडून घेतले ते अधिष्ठान माझ्यासमोर फरशीवर आडवं पडलं होतं.

असे दोन तास गेले. ड्रम भरत आले. पण इकडं गोष्ट पुढं सरकायला लागली. कोणीतरी लाकडांचं बघायला माणूस पाठवला. कोणी म्हणालं, लेकीला निरोप गेला का? माझी बहीण परळीला असते. तिला निरोप गेला असता तर ती खरोखर आडवी झाली असती. मी वाकून कुजबुजलो, "माय, आता बास. लाकडं यायलीत."

"सुभद्रीचा भरला का?"

"पाऊण झाला."

"मंग पाऊण घंटा थांब."

एवढ्यात चेअरमन आले. मागं दोन संचालक आणि हातात हार. हार प्लास्टिकच्या फुलांचा होता. संस्थेच्या कपाटात सत्कारासाठी ठेवलेला मी ओळखला, कारण कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. दूध संस्थेची निवडणूक पंधरा दिवसांवर आली होती. अंगणात वरची आळी, खालची वस्ती, सगळं गाव. चेअरमननी एकदा गर्दीवर नजर फिरवली. सहकारातल्या माणसाला अशी गर्दी पाहिली की बोलल्याशिवाय राहवत नाही.

त्यांनी हार चादरीवर ठेवला. "मयतीसाठी टँकर सांगितलाय, येईलच," असं आधी जाहीर केलं, आणि मग सुरुवात केली.

"गयाबाई म्हंजे आपल्या संस्थेच्या पयल्या सभासदांपैकी. एकच म्हैस, पन दुधात कधी पानी न्हाई." (हे खरं होतं.) "मला त्यांनी लेकरासारखी माया दिली." (हे मला नवीन होतं.) त्यांचा आवाज भरून आला. "परवाच वाटेत भेटल्या. माझा हात धरला. म्हनल्या, लेकरा, औंदाबी माझं मत तुलाच. भावांनो, ही त्या माउलीची शेवटची इच्छा. आता तुमी ठरवा, ती पुरी करायची का न्हाई."

बायकांनी पुन्हा डोळ्यांना पदर लावले. आणि तेवढ्यात चादरीखालून आवाज आला.

"कवा म्हनले रे मी?"

चेअरमनांचं तोंड पुढच्या वाक्यासाठी उघडंच राहिलं.

माय उठून बसली. चादरीवरचा हार गळ्यात अडकलेला, केस चिकटलेले, डोळे लालबुंद. "परवा तर मी घराबाहेर पडले न्हाई. अन् औंदाबी काय? मागल्या खेपेलाबी तुला दिलं नव्हतं."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. दोन्ही संचालक अंगणाबाहेर होते. मधलं त्यांचं जाणं कोणी पाहिलं नाही. चेअरमन एकेक पाऊल मागं सरकत गेले. त्यांना तेव्हा कोणी 'उचललं, टेकलं' असं शिकवलं असतं तर मागचा ड्रम लक्षात आला असता. ते ड्रमात बसले. नुकताच काठोकाठ भरलेला सुभद्राबाईंचा ड्रम होता तो. त्या पहिल्यांदाच खरं रडल्या.

त्याच वेळी कोपऱ्यावर टँकर वळला. रफिकभाई टोपी काढून खाली उतरले, दोन पावलं आले आणि समोर हार घातलेल्या गयाबाई बसलेल्या पाहून त्यांनी ती टोपी पुन्हा घातली. "तोबा, तोबा," एवढंच म्हणाले.

"रफिक," माय म्हणाली, "आता आलाच हायस तर पायप लाव."

वरच्या आळीच्या बायकांना राग येणं साहजिक होतं. दोन तास त्यांनी उन्हातून खेपा केल्या होत्या, वर रडणं वेगळं. त्यांच्यातली एक तरणी सून पुढं आली. "आमचं पानी आमाला माघारी द्या."

माय जागेवरून हलली नाही. "न्या की. घागरी ज्याच्या त्यानं वळखून न्या. पानी वळखू आलं तर तेबी न्या."

सून ड्रमकडे पाहत राहिली. त्यात त्यांच्या आळीचं पाणी होतं, आमच्या वस्तीच्या वाट्याचं होतं, आणि एका ड्रममध्ये चेअरमनही होते. तिला आधी हसू फुटलं. मग वहिनींना फुटलं. नवऱ्याला ड्रममधून बाहेर काढायला त्यांनी एक हात दिला, दुसऱ्या हातानं तोंडावरचा पदर धरला, पण खांदे हलत होते ते काही लपलं नाही. शेवटी विमलनं त्याच पाण्याचा चहा ठेवला. वरच्या आळीच्या बायकांनी आमच्या घरात बसून चहा घेतला. माय कपाळाला हात लावून म्हणाली, डोकं उतरलं.

निवडणूक झाली. चेअरमन पुन्हा निवडून आले, ते नेहमीच येतात. पण प्रचाराला आमच्या गल्लीत आले तेव्हा प्रत्येक घराच्या ओसरीवर कोणी आडवं नाही ना, हे पाहूनच बोलायला लागायचे.

मला वाटलं, ध्यानाचा विषय आता गावातून उठला. तर पुढच्याच आठवड्यात वहिनी दोघीतिघींना घेऊन विहारात आल्या. मी पुढं झालो, नमस्कार केला, म्हटलं, "या, बसा. आधी श्वासापासून सुरू करू."

"तुमी नका," वहिनी म्हणाल्या. "गयाबाई कुठंयत? दोन घंटे माशी नाकावर फिरली, बाई हालली न्हाई. आमाला ते शिकायचंय."

तेव्हापासून दर रविवारी माय शिकवते. तिची पद्धत साधी आहे. फरशीवर आडवं पडायचं, डोळे मिटायचे, माशी बसली तर बसू द्यायची, आणि आपल्या माघारी लोक काय बोलत असतील ते बोलू द्यायचं. वरची आळी, खालची वस्ती, सगळ्या एका ओळीत आडव्या असतात. वर्ग भरलेला असतो. रफिकभाईसुद्धा एकदा टँकर उभा करून दहा मिनिटं पडून गेले.

मीही जातो, मागच्या ओळीत. गेल्या महिन्यात मायनं मला सगळ्यांसमोर पुढं बोलावलं. मला वाटलं, आता दहा दिवसांच्या शिबिराची कदर होणार. मी शर्ट नीट केला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"हा माझा ल्योक," माय वर्गाला म्हणाली. "लांब जाऊन दहा दिवस शिकून आलाय. ह्याला नीट बघून घ्या. असं करायचं न्हाई."

तेव्हापासून माझा एकही रविवार चुकलेला नाही. नवीन बायका येतात, त्यांना दाखवायला माणूस लागतो.